मृत्यूच्या आकड्यांना शिस्त लावणारा डॉक्टर : विल्यम फार

मार्च २०२०. करोनाची साथ युरोपात नुकतीच पसरू लागली होती आणि रोज संध्याकाळी देशोदेशीचे आकडे जाहीर होत होते. इटलीत निदान झालेल्या दर शंभर रुग्णांमागे सातांहून अधिक दगावत होते. शेजारच्या जर्मनीत हेच प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. विषाणू तोच, खंड तोच, डॉक्टरांचे शिक्षणही सारखेच. मग एवढी तफावत का? कोणी हवामानाकडे बोट दाखवले, कोणी आहाराकडे, कोणी त्या त्या देशाच्या स्वभावाकडे.

अशा तफावतीकडे पाहायचे कसे, याचे नियम मात्र त्याआधी पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका सरकारी कचेरीत घडले होते. ते घडवणारा माणूस डॉक्टर होता, पण त्याचा दवाखाना कधी नीट चालला नाही. त्याचे नाव विल्यम फार.

फार यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८०७ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील केन्ली या खेड्यात झाला. घरची गरिबी होती. पुढे कुटुंब डॉरिंग्टन गावी राहायला गेले आणि तिथल्या जोसेफ प्राइस या वयस्क जमीनदाराने या चुणचुणीत मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी फार श्रूजबरीच्या इस्पितळात शल्यवैद्याच्या हाताखाली मलमपट्टी करू लागले. १८२८ साली प्राइस वारले. जाताना त्यांनी फार यांच्या नावे ५०० पौंड ठेवले होते. त्या पैशावर हा खेड्यातला तरुण थेट पॅरिसला पोहोचला.

त्या काळचे पॅरिस म्हणजे वैद्यकाची पंढरी. तिथे पिएर लुई नावाचे डॉक्टर एक वेगळाच आग्रह धरून होते. उपचाराचा गुण येतो की नाही हे अनुभवी वैद्याच्या मतावर सोडू नका, रुग्ण मोजा, असे ते शिकवत. न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त काढण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती. लुई यांनी असे रुग्ण मोजून या उपायाचा फायदा समजला जातो त्याच्या मानाने फारच थोडा असल्याचे दाखवले. फार यांनी लुईंची व्याख्याने ऐकली आणि मोजणीचा हा ध्यास सोबत घेऊनच ते १८३१ मध्ये इंग्लंडला परतले.

पुढल्या वर्षी त्यांना वैद्यकीचा परवाना मिळाला. लंडनच्या फिट्झरॉय स्क्वेअरमध्ये त्यांनी दवाखाना थाटला, १८३३ मध्ये लग्न केले. पण रुग्णांची रांग काही लागली नाही. फार वैद्यकीय नियतकालिकांतून लिहू लागले आणि त्या लेखनाचा विषय बहुतेक वेळा एकच असे : लोक किती, कधी आणि कशाने मरतात. १८३७ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. त्या वर्षी त्यांची पत्नी क्षयाने गेली. त्याच वर्षी ब्रिटिश साम्राज्याच्या एका मोठ्या सांख्यिकी ग्रंथात लोकसंख्या आणि मृत्यू यांवरचे त्यांचे दीर्घ प्रकरण प्रसिद्ध झाले. आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८३९ मध्ये या नोंदणीच्या मुख्य कचेरीत फार रुजू झाले ते पुढची चाळीस वर्षे तिथेच राहिले.

कचेरीचे काम कारकुनी होते. गावोगावचे निबंधक दाखले पाठवत, इथे त्यांची गोळाबेरीज होई. फार यांनी या बेरजेतून एक नवे शास्त्र उभे केले. दर वर्षीच्या अहवालाला महानिबंधकांच्या नावे लिहिलेले त्यांचे एक लांबलचक पत्र जोडलेले असे. कोरड्या सरकारी अहवालातली ही पत्रे डॉक्टर, खासदार आणि पत्रकार वाचत, कारण कुठल्या शहरात माणसे विनाकारण मरत आहेत हे त्यांत स्पष्ट लिहिलेले असे.

नोकरीत येण्याआधीच, १८३८ साली, फार यांनी रोग्याच्या भवितव्याचा अंदाज कसा बांधावा यावर एक लेख लिहिला होता. त्यात त्यांनी पटकी आणि क्षय यांची तुलना केली. पटकी काही दिवसांत निकाल लावते, म्हणून तिची दहशत मोठी. क्षय महिनोन् महिने, वर्षानुवर्षे रेंगाळतो, पण अखेर त्यातून वाचणारे त्या काळी थोडेच. एखाद्या आठवड्यात किती दगावले एवढेच पाहिले तर पटकी कितीतरी भयंकर वाटते. शेवटी किती दगावले हे पाहिले तर क्षय अधिक घातक ठरतो. मरणाचा वेग आणि मरणाची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फार यांचा मुद्दा होता.

साथीच्या सुरुवातीला नेमकी हीच गल्लत होते. आज आजारी असलेल्यांतले काही जण पुढच्या पंधरवड्यात दगावणार असतात. त्यांची गणती रुग्णांत झालेली असते, मृतांत अजून नसते. त्यामुळे आजचे मृत्यू भागिले आजचे रुग्ण असा हिशेब केला की रोग असतो त्याहून सौम्य दिसतो. २००३ मध्ये सार्सच्या साथीत हेच घडले. सुरुवातीला मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास धरले गेले. मे महिन्यात ते १४-१५ टक्के असावे असा सुधारित अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने दिला. साथ संपली तेव्हा ८,०९६ रुग्णांपैकी ७७४ जण, म्हणजे साडेनऊ टक्क्यांहून थोडे अधिक, दगावलेले होते. विषाणू मध्येच बदलला नव्हता. रुग्णांचा निकाल लागायला वेळ लागत होता, इतकेच. ज्या देशात साथ दोन आठवडे आधी पोहोचते तिथला दर शेजाऱ्यापेक्षा जास्त दिसण्याचे हे एक साधे कारण.

कचेरीत आल्यावर फार यांच्यापुढे दुसरीच अडचण उभी राहिली. दाखल्यांवर मृत्यूची कारणे लिहिण्याची काही पद्धतच नव्हती. एकाच रोगाला तीन-चार नावे, तर एका नावाखाली अनेक रोग. ताप, सूज, अशक्तपणा अशा मोघम शब्दांचा सुळसुळाट होता. वजनमापांशिवाय जसा बाजार चालत नाही तसे रोगांच्या नेमक्या नावांशिवाय हे शास्त्र चालणार नाही, हे ओळखून त्यांनी रोगांची यादी आणि तिचे गट तयार केले. १८५३ मध्ये ब्रसेल्सला पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. सर्व देशांना वापरता येईल अशी मृत्यूच्या कारणांची यादी करण्याचे काम तिने फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन या दोघांवर सोपवले. दोघांनी दोन वेगळ्या तत्त्वांवर याद्या केल्या आणि १८५५ च्या पॅरिस परिषदेत त्यांतून १३९ नोंदींची एक तडजोडीची यादी निघाली. आज जगभरची इस्पितळे रोगांचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरतात त्याची मुळे या खटपटीत आहेत.

मात्र यादी एक असली तरी मोजणाऱ्यांचे निकष एक असतीलच असे नाही. २०२० मध्ये बेल्जियमने वृद्धाश्रमांत करोनाच्या नुसत्या संशयाने झालेले मृत्यूही मोजले, आणि काही काळ जगातला सर्वाधिक मृत्युदर त्या देशाच्या नावावर लागला. ज्या देशांनी फक्त इस्पितळातले, चाचणीने सिद्ध झालेले मृत्यू मोजले ते कागदावर अधिक सुरक्षित दिसले.

या पेचातून निघण्याची एक वाटही फार यांनीच दाखवली होती. १८४७ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये इन्फ्लुएन्झाची मोठी साथ आली. दाखल्यांवर इन्फ्लुएन्झा हे कारण लिहिलेले मृत्यू तुलनेने थोडे होते. फार यांनी दाखल्यावरचे कारण बाजूला ठेवले आणि साधा प्रश्न विचारला : एरवी या आठवड्यांत लंडनमध्ये किती माणसे मेली असती आणि प्रत्यक्षात किती मेली? फरक निघाला सुमारे ५,००० चा. इन्फ्लुएन्झाच्या नावावर यातले जेमतेम पाव मृत्यू नोंदले गेले होते. बाकीचे दमा, फुप्फुसाचा दाह, म्हातारपण अशा नावांखाली दडले होते. अपेक्षेपेक्षा जास्तीचे मृत्यू मोजण्याची ही रीत करोनाच्या काळात देशांची तुलना करण्यासाठी सर्वांत भरवशाची मानली गेली. चाचण्या किती झाल्या, कारण कोणी काय लिहिले, याच्याशी तिला कर्तव्य नसते. मात्र त्यासाठी सर्व मृत्यूंची वेळेवर नोंद व्हावी लागते.

तुलनेतली आणखी एक मेख म्हणजे वय. समुद्रकिनारी निवृत्त लोकांचे टुमदार गाव आणि तरुण मजुरांनी भरलेले धुरकट गिरणगाव, या दोहोंचे ढोबळ मृत्युदर शेजारी ठेवले तर काही वेळा गिरणगावच निरोगी ठरेल. म्हणून फार वयोगट वेगळे करून पाहत. इंग्लंडमधले सर्वांत निरोगी जिल्हे त्यांनी निवडले. तिथे वर्षाला दर हजारी सुमारे १७ माणसे मरत होती. १८५९ मध्ये त्यांनी या जिल्ह्यांची वयवार आयुष्यसारणी प्रसिद्ध केली. ती मोजपट्टी झाली. लिव्हरपूलच्या किंवा मँचेस्टरच्या कुठल्याही वयोगटाला ती लावली की तिथे किती मृत्यू टाळता आले असते याचा आकडा हाती येई, आणि नगरपालिकांना तो लपवता येत नसे.

हीच मोजपट्टी इटलीच्या कोड्यालाही लागू पडते. मार्च २०२० च्या मध्यावर इटलीत निदान झालेल्या रुग्णांपैकी ३७.६ टक्के सत्तरीच्या पुढचे होते. चीनमध्ये हे प्रमाण ११.९ टक्के होते. एकूण दर इटलीत ७.२ आणि चीनमध्ये २.३ टक्के. पण सत्तरीच्या आतल्या वयोगटांपुरते पाहिले तर दोन्ही देशांचे आकडे जवळपास सारखे निघाले. तफावतीचा मोठा भाग रुग्णांच्या वयात होता. जर्मनीत सुरुवातीचे अनेक रुग्ण आल्प्समध्ये स्कीइंग करून परतलेले धडधाकट लोक होते, शिवाय तिथे चाचण्याही लवकर आणि भरपूर झाल्या. इटलीच्या लोम्बार्डीत मात्र इस्पितळे भरून वाहत होती, आणि चाचण्या मुख्यतः इस्पितळात येणाऱ्या गंभीर रुग्णांच्याच होत होत्या. अंश जवळपास खरा आणि छेद लहान, असा तो अपूर्णांक होता.

छेदाचा हा घोटाळा खुद्द फार यांच्याही अंगाशी आला. १८५६ पासून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशी त्यांची दाट मैत्री झाली होती. क्रिमियाहून परतलेल्या नाइटिंगेल यांच्याकडे सैन्यातल्या मृत्यूंचे आकडे होते, ते मांडण्याचे कसब फार यांच्याकडे. इंग्लंडमध्येच, शांततेच्या काळात, बराकीत राहणारे सैनिक त्याच वयाच्या सामान्य नागरिकांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात मरतात, हे दोघांनी मिळून दाखवले. पुढे हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यासाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला, त्यातही फार सदस्य होते. १८६३ च्या त्याच्या अहवालात इथल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर दर हजारी ६९ इतका प्रचंड असल्याचे पुढे आले. कारणे होती घाण पाणी, तुंबलेली गटारे आणि कोंदट बराकी. लढाई नव्हे.

त्याच वर्षी नाइटिंगेल यांच्या इस्पितळांवरील पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत फार यांचे एक कोष्टक आले. लंडनच्या २४ इस्पितळांचा मृत्युदर जवळपास ९१ टक्के असल्याचे त्यात दिसत होते. डॉक्टर खवळले. झाले होते असे की वर्षभरातल्या मृत्यूंना एका ठराविक दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते. एका खाटेवर वर्षात अनेक रुग्ण येऊन जातात. त्यांची गणती केली तर दर दहा टक्क्यांच्या घरात येत होता. शहरातल्या मोठ्या इस्पितळांत अधिक गंभीर रुग्ण येतात, हाही टीकाकारांचा मुद्दा होता. इस्पितळे अस्वच्छ असल्याची फार आणि नाइटिंगेल यांची तक्रार रास्त होती, पण चुकीच्या छेदाने रास्त तक्रारीचेही नुकसान झाले.

फार यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी परीक्षा मात्र पटकीने घेतली. १८४८-४९ च्या साथीत इंग्लंड-वेल्समध्ये ५३ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतली सुमारे १४ हजार एकट्या लंडनमध्ये. फार यांनी लंडनच्या भागांची थेम्स नदीपासूनची उंची आणि मृत्यू शेजारी मांडले. २० फुटांहून कमी उंचीवरच्या वस्त्यांत दर दहा हजारी १०२ मृत्यू, आणि साडेतीनशे फुटांच्या आसपास दहाहूनही कमी. मधले आकडे पायरीपायरीने उतरत गेलेले. गणिताच्या सूत्रात ते इतके चपखल बसले की फार यांची खात्री पटली : नदीकाठच्या कुजक्या वाफांतून रोग पसरतो, आणि उंचावर हवा शुद्ध असते.

आकडे खरे होते. अर्थ चुकला होता. सखल भागातले लोक नदीच्या खालच्या टप्प्यातले, सांडपाणी मिसळलेले पाणी पीत होते. जॉन स्नो हे डॉक्टर तेव्हा एकाकीपणे पाण्याला दोष देत होते. १८५४ मध्ये पुन्हा साथ आली. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. एक मलमिश्रित टप्प्यातले पाणी देई, दुसरीने आपला उपसा नदीच्या वरच्या, स्वच्छ भागात हलवला होता. स्नो यांना मृतांचे पत्ते हवे होते. फार यांना त्यांचा सिद्धान्त पटला नव्हता, तरी त्यांनी पत्ते दिले, एवढेच नव्हे तर प्रत्येक मृताच्या घरी कोणाचे पाणी येते हे लिहून घेण्याच्या सूचना तिथल्या निबंधकांना केल्या. पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब निघाला तेव्हा दर दहा हजार घरांमागे पहिल्या कंपनीच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू होते, दुसरीच्या ग्राहकांत ३७. हवा दोघांचीही एकच होती.

तरीही सरकारी चौकशी समितीने स्नो यांचे म्हणणे फेटाळले, आणि फार त्या समितीचे सदस्य होते. १८५८ मध्ये स्नो वारले. १८६६ च्या उन्हाळ्यात पटकी परत आली ती पूर्व लंडनवर तुटून पडली. फार यांनी या वेळी सुरुवातीपासूनच पाण्याचा माग काढला. मृत्यू ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या हद्दीत एकवटलेले होते. आम्ही न गाळलेले पाणी पुरवत नाही, असे कंपनी छातीठोकपणे सांगत होती, पण ग्राहकांच्या नळांतून ईल मासे निघाले होते. गाळणीतून मासा येत नाही. ओल्ड फोर्डच्या उघड्या तलावाचे पाणी सोडले गेल्याचे अखेर निष्पन्न झाले. त्या वर्षी लंडनमध्ये साडेपाच हजारांहून अधिक माणसे पटकीने मेली. या साथीवरच्या अहवालात फार यांनी पाण्याचाच दोष निःसंदिग्धपणे मांडला. ज्या उंचीच्या नियमाने त्यांचे नाव झाले होते तो त्यांनी मागे टाकला.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत त्यांनी आणखी एक धाडस केले होते. गुरांच्या बुळकांडी रोगाने देश हवालदिल झाला होता आणि पार्लमेंटमध्ये सर्वनाशाची भाषा होत होती. चार-चार आठवड्यांचे नवे रुग्ण ९,५९७, मग १८,८१७, मग ३३,८३५, मग ४७,१९१ असे वाढत गेले होते. फार यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून दाखवले की संख्या वाढत असली तरी वाढीचा वेग मंदावतो आहे : आधी जवळपास दुप्पट, मग १.८ पट, मग १.४ पट. साथ लवकरच ओसरेल, असे त्यांनी भाकीत केले. लोक हसले. साथ खरोखरच ओसरली, त्यांच्या अंदाजापेक्षाही वेगाने. पण हे सूत्रही सर्वत्र चालत नाही. १९९० मध्ये काही संशोधकांनी ते एड्सला लावून अमेरिकेत एकंदर दोन लाखांच्या आसपास रुग्ण होतील असे म्हटले. प्रत्यक्षात संख्या त्याच्या कितीतरी पुढे गेली. चढणाऱ्या रेषेवरून तिचा शेवट सांगणे जोखमीचेच असते.

१८७९ मध्ये महानिबंधकांची जागा रिकामी झाली. चाळीस वर्षे जी कचेरी फार यांच्या कामाने ओळखली गेली तिचे प्रमुखपद त्यांना मिळेल असे अनेकांना वाटत होते. नेमणूक झाली ती सर ब्रिजेस हेनिकर यांची. फार यांनी राजीनामा दिला. नंतर सरकारने एक किताब दिला, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने सुवर्णपदक दिले. चुकीच्या गुंतवणुकींत त्यांचे पैसेही बुडाले होते. १४ एप्रिल १८८३ रोजी लंडनमध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

लंडनच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाच्या इमारतीवर या क्षेत्रातल्या धुरिणांची नावे कोरलेली आहेत, त्यांत फार यांचेही आहे. मात्र त्यांचे खरे स्मारक रोजच्या वापरातले आहे. नव्या साथीत दोन देशांचे मृत्युदर शेजारी छापून येतात तेव्हा काही प्रश्न विचारावे लागतात. रुग्ण कोणते मोजले? मृत्यू कोणते मोजले? रुग्णांची वये काय? साथीला किती दिवस झाले? एरवी तिथे किती माणसे मरतात? यांची उत्तरे मिळाल्यावर जी तफावत उरते, तिच्यातच इस्पितळांची तयारी, सरकारची तत्परता आणि गरिबी यांचा खरा हिशेब सापडतो. तो काढायचा तर खेड्यापाड्यातल्या प्रत्येक मृत्यूची, कारणासह, वेळेवर नोंद झालेली असावी लागते.